ब्याऐंशी म्हणजे ब्याऐंशी

सिंधुताई वेढे मोजत असताना त्यांच्याशी बोलू नये, हे लातूरच्या शिकवण्यांच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या उद्धट मुळीच नाहीत. एरवी त्यांच्याइतकी बोलकी बाई त्या गल्लीत शोधून सापडायची नाही. पण जळालेल्या मोटारीवर तांब्याची नवी तार चढवायला बसल्या, की डावा हात तारेवर, उजवा हात मशीनच्या दांड्यावर आणि तोंडात आकडा. अशा वेळी कुणी काही विचारलं तर उत्तर म्हणून तोंडातला आकडाच बाहेर पडतो. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, बरं हाय का?" ताई म्हणतात, "सदतीस." एकदा भावकीतला एकजण लग्नाचं आवतण घेऊन आला आणि विचारता झाला, की तुमच्याकडून किती माणसं येतील. ताई म्हणाल्या, "एकशे चौदा." तो गडी पाणीसुद्धा न पिता उठून गेला.

ही खोड बापाकडून आली. गुरुबसप्पा किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात शेतीच्या पंपांचं वायंडिंग करायचे. त्यांचा कायदा असा, की आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि म्हटलेला आकडा फिरवायचा नाही. एक वेढा कमी पडला तर मोटार तापते, एक जास्त झाला तर ओढत नाही. मोजणीत शंका आली तर सगळी तार उकलून पुन्हा एकपासून सुरुवात. पोरीला त्यांनी दुसरं काही शिकवलं नाही, पण हे शिकवलं.

त्र्याण्णव सालच्या भूकंपात गाव बसलं तेव्हा सिंधु नववीत होती. घरातली माणसं वाचली, शाळा वाचली नाही. पुढे पत्र्याच्या शेडांमध्ये दिवस निघाले. तिथं नववीचा वर्ग भरायला फार वेळ लागला आणि ढिगाऱ्यातून काढलेली बापाची वायंडिंगची मशीन मात्र महिन्याभरात फिरायला लागली. सिंधु त्या मशीनपाशी जाऊन बसली ती बसलीच. मग सरकारनं नवं गाव वसवून दिलं. त्या गावाची तऱ्हा न्यारी होती. रस्ते असे रुंद, की शेजारणीकडं चिमूटभर मीठ मागायला जायचं तर चप्पल घालावी लागे. शेतं मात्र राहिली जुन्या गावाशेजारी, चार किलोमीटर लांब. उंबरा ओलांडला की शेतात पाय, अशी सवय असलेल्या माणसांना आता साहेबलोकांसारखं रोज कामावर जायची पाळी आली. गुरुबसप्पांनी एक लोखंडी सायकल घेतली. सिंधु आधी दांड्याखालून पाय घालून कैची शिकली, मग सीटवर बसली. जाताना चार, येताना चार, मागं कॅरियरला कधी भाकरीचं गाठोडं तर कधी कुणाच्या विहिरीवरची जळकी मोटार. लग्न होईपर्यंत तिनं ती सायकल सोडली नाही.

लग्न झालं भागवतशी. भागवत म्हणजे तोंड. परमेश्वरानं दोघांना बोलायला जेवढं दिलं असेल त्यातलं निम्म्याहून जास्त त्यानंच उचललं. तो दुकानाच्या पुढं बसतो, गिऱ्हाईक धरतो, चहा पाजतो, आणि येईल त्याला सांगतो, "माझी बायको नववी, पण तिचा आकडा बारावीवाल्याला सापडायचा न्हाई." लातूरला तेव्हा शिकवण्यांचं पीक जोरात आलं होतं. घराघरावर मजले चढले, मजल्यामजल्यावर पोरं भरली आणि पोरांच्या डोक्यावर पंखे लागले. ते पंखे एप्रिलमध्ये हटकून जळत. उद्या डॉक्टर होणारी निम्मी पोरं सिंधुताईंनी तार भरलेल्या पंख्याखाली झोपलेली आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही एवढंच.

या पोरांची एक रीत आहे. येताना सायकल घेतात आणि परीक्षा झाली की सायकल तशीच टाकून गावाला पळतात. दर वर्षी जूनमध्ये प्रत्येक हॉस्टेलच्या जिन्याखाली बेवारस सायकलींचा ढीग लागतो. हॉस्टेलवाले वैतागतात. भागवतनं त्यातल्या पाचसहा उचलून दुकानामागं आणून ठेवल्या होत्या, उगीच, कशाला तरी होतील म्हणून. आणि एक दिवस एक माणूस पोत्यात गुंडाळून एक चाक घेऊन आला. म्हणाला, "ताई, हा पंखाबी न्हाई अन् पंपबी न्हाई. हैदराबादहून आणलेल्या सायकलीचं चाक हाय. चाकातच मोटार हाय म्हणं. जळली."

सिंधुताईंनी चाक उघडलं. आत बघितलं आणि त्यांना हसूच फुटलं. आत सगळं ओळखीचं होतं. तेच तांबं, त्याच खाचा, तीच तीन टोकं. फरक इतकाच, की पंपात मधला भाग फिरतो आणि इथं बाहेरचा. "अगं बाई, हा तर उलटा पंप हाय!" त्या म्हणाल्या. दोन दिवसांत चाक भरून दिलं आणि त्याच हाताला स्वतःसाठी एक बनवायला घेतलं. कारण त्यांचं घर हरंगुळला, दुकानापासून सात किलोमीटर. रोज रिक्षात सातजणांत आठवं होऊन बसायचं, अर्धं अंग आत आणि अर्धं जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर. नांदेडच्या एका बॅटरीवाल्याकडून एसटीच्या पार्सलनं बॅटरी आणि मोटारीचं एक जळकं चाक आलं, जिन्याखालची एक जांभळी सायकल निघाली, आणि आठवड्यात लातूरच्या त्या गल्लीत सिंधुताई विजेच्या सायकलवर बसल्या.

भागवत मागं उभा. बायको पडू नये म्हणून कॅरियर धरून. ताईंनी मूठ पिळली आणि सायकल सुसाट मागं गेली.

भागवत उताणा पडला, त्याच्यावर सायकल, सायकलवर ताई, आणि शेजारच्या रसवंतीवाल्यानं तर घुंगरू वाजवायचंच थांबवलं. पंप उलटा फिरला तर दोन वायरींची अदलाबदल करायची, हे मराठवाड्यातलं शेंबडं पोरही सांगेल. तीस वर्षं दुसऱ्यांच्या पंपांना हेच सांगणाऱ्या बाईनं स्वतःच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. दोघं नवराबायको रस्त्यात बसून इतकं हसले, की लोकांना वाटलं डोक्याला मार लागला. मग तिथंच बसल्या बसल्या ताईंनी वायरी बदलल्या, सायकल पुढं पळाली आणि त्या हरंगुळपर्यंत थांबल्या नाहीत. वाऱ्यानं पदर उडतोय, रिक्षावाले बघतायत, आणि बाई एकटीच मोठ्यानं हसतेय. त्या दिवशी त्यांना चौदा वर्षांचं झाल्यासारखं वाटलं.

मग काय, मागणीच आली. मेसवर पोळ्या लाटणाऱ्या बायका, दवाखान्यातल्या सिस्टर, अंगणवाडीच्या ताई, ज्यांना गाडी परवडत नाही आणि रिक्षा सोसत नाही अशा सगळ्या. जिन्याखालच्या सायकली एकामागून एक कामाला जाऊ लागल्या. सिंधुताई प्रत्येकीला सांगत, "एका चार्जिंगमध्ये पंचवीस जाती. सव्वीसावं मागू नको."

आता खरी गंमत. भागवतला वाटलं, दुकानाला पाटी पाहिजे. त्यानं अहमदपूरहून शिवमूर्ती नावाचा पेंटर आणला. पेंटर अक्षराला हुशार, पण परगावचा. त्याला ताईंची खोड कुठून माहीत असणार? भागवत चहा सांगायला गेला होता. ताई एका पंपाच्या कॉइलचे वेढे मोजत बसल्या होत्या. शिडीवरून शिवमूर्तीनं आवाज दिला, "वहिनी, एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर टाकू?"

ताई म्हणाल्या, "ब्याऐंशी."

ताईंची कॉइल संपून त्या बाहेर आल्या तेव्हा पाटी तयार होती. पिवळ्यावर तांबडं, खाली काळी सावली दिलेली, हातभर उंचीचा आकडा: एका चार्जिंगमध्ये ८२ कि.मी. भागवत चहाचे कप घेऊन पाटीखाली उभा होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. "सिंधु," तो म्हणाला, "एवढी मोठी गोष्ट तू मला सांगितली न्हाईस?"

"अहो, ते वेढे हायत!" ताई ओरडल्या. "पुसा आधी!"

पण शिवमूर्ती अहमदपूरची बस गाठायला निघून गेला होता, आणि तैलरंग काही पाण्यानं पुसला जात नाही. दुसऱ्या दिवशी रॉकेल शोधून पुसू असं ठरलं. लातूरमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत काहीही गुपित राहिलेलं नाही. संध्याकाळपर्यंत पोरांनी पाटीचे फोटो काढून गावभर पाठवले.

तरीही ताईंनी ती पाटी पुसलीच असती. चूक ती चूक, त्यात कसला आलाय मान. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रॉकेलचा बोळा घेऊन शिडीवर चढल्यासुद्धा होत्या. एवढ्यात समोरच्या मोठ्या क्लासच्या दोन मुली पळत आल्या. "काकू, काकू! आमच्या रेणुकादास सरांनी तुमच्या सायकलवर गणित घातलं!"

रेणुकादास सर म्हणजे फिजिक्स. त्यांच्या एका बॅचला तीनशे पोरं बसतात आणि सर खडूचा तुकडा हातात घेतल्याशिवाय जेवायला किती लागेल हेसुद्धा सांगत नाहीत, अशी त्यांची कीर्ती. सरांनी फळ्यावर लिहिलं होतं: छत्तीस व्होल्ट, दहा अँपिअर-तास, म्हणजे तीनशे साठ वॅट-तास. किलोमीटरला साडेबारा खर्च. भागा. उत्तर अठ्ठावीस पूर्णांक आठ. म्हणजे पाटी खोटी.

"बरोबर हाय की," ताई शिडीवरून म्हणाल्या आणि बोळा पाटीला लावणार, तोच दुसरी मुलगी म्हणाली, "अन् सर म्हणाले, आकड्याशी खेळायचं असेल तर आधी शाळा पूर्ण करावी लागते. सगळे लई हसले."

ताईंचा हात तिथंच थांबला. तीस वर्षांत कुणी त्यांना अडाणी म्हटलं असतं तर त्यांनी हसून चहा पाजला असता. त्यांच्या साडीला हसा, बोलण्याला हसा, नवऱ्याला तर खुशाल हसा. पण आकड्याला? शाळा त्यांनी सोडली नव्हती, शाळाच पडली होती, आणि त्यानंतर आयुष्यात जे काही उभं राहिलं ते त्या आकड्यावर. तीनशे पोरं त्या आकड्याला हसली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं. त्या शिडीवरून उतरल्या, बोळा फेकला, आणि म्हणाल्या, "सरांना सांगा, ब्याऐंशी म्हणजे ब्याऐंशी. जाऊन दाखवती."

भागवतनं कपाळावर हात मारला. "अगं, ते वेढे होते ना?"

"होते. आता किलोमीटर हायत."

दुपारी सर स्वतः आले. उंच, बारीक, शर्टाच्या खिशाला खडूची पूड. माणूस वाईट नव्हता. वर्गात बोललेलं इथपर्यंत पोचलं हे कळल्यावर ओशाळलाही होता, पण गणित गणित असतं. "ताई, अठ्ठावीसच्या पुढं बॅटरी जाणार नाही. तुम्ही रस्त्यात अडकाल."

"मग तुम्ही संगं या की सर. तुमची स्कूटर आणा."

ठरलं. येत्या रविवारी सकाळी, दुकानापासून ताईंच्या आईच्या नव्या गावापर्यंत आणि परत. बेचाळीस आणि बेचाळीस. "चौऱ्याऐंशी होतात," भागवत म्हणाला. "दोन किलोमीटर खैरात." सरांनी अट घातली, की मध्ये कुठं चार्जिंग नको. त्यासाठी चार्जिंगच्या भोकावर त्यांनी कागदाची पट्टी चिकटवली आणि तिच्यावर सही केली, परीक्षेच्या पेपरच्या गठ्ठ्याला करतात तशी. हँडलला मीटर बांधला. गल्लीत तो आठवडाभर दुसरी चर्चा नव्हती. पोरांनी अभ्यास सोडून दोन तट पाडले. मेसवाल्या बायका ताईंच्या बाजूच्या होत्या, त्यामुळं सरांच्या बाजूच्या पोरांना भाजीत मीठ जास्त यायला लागलं.

रविवारी सहाला निघाले. फेब्रुवारीची थंडी, ताईंच्या डोक्याला मफलर, पदर खोचलेला. मागं स्कूटरवर सर, त्यांच्या मागं भागवत, भागवतच्या हातात सरांची वही. औसा रस्त्याला लागल्यावर सरांनी स्कूटर पुढं आणली, बघितलं, आणि ओरडलेच.

"ताई! तुम्ही पायडल मारायलात!"

"सायकल हाय ती, सर. पायडल मारूनच चालवत्यात."

"पण मोटार?"

"चढाला मोटार, सपाटीला पाय. घरचा बैल असताना शेजारचा कशाला जुंपायचा?"

सरांनी स्कूटर थांबवली. खाली उतरले. फोनमध्ये पाटीचा फोटो काढून दोनदा वाचला. 'एका चार्जिंगमध्ये ८२ कि.मी.' त्यात पायडल मारू नये असं कुठंच लिहिलेलं नव्हतं. तिथंच रस्त्याच्या कडेला, उसाच्या ट्रॅक्टरांना वाट देत, सरांनी भागवतकडून वही घेतली आणि आपलं गणित पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाले, "हा घटक मी शून्य धरला होता." माणूस खरा, म्हणून खेळ मोडला नाही. नाहीतर तिथंच भांडण व्हायचं.

ताई मात्र लांब गेल्या होत्या. त्यांचं आणखी एक चाललं होतं, जे सरांच्या ध्यानात औशाजवळ आलं. गतिरोधक आला, बैलगाडी आडवी आली, की ताई थांबत. निघताना आधी पायानं सायकल हलवत आणि चाक पळायला लागल्यावरच मूठ पिळत. सरांनी कारण विचारलं.

"मोटार सुरू होताना सगळ्यात जास्त करंट खाती," ताई म्हणाल्या. "शेतकऱ्याचा पंप सुरू करतानाच जळतो, चालताना न्हाई. उभ्या जागी तिला ओढायला लावलं की बॅटरी गेलीच. धक्का आपला, धाव तिची."

सर हे दर वर्षी दुसऱ्या सत्रात शिकवतात. तीनशे पोरं ते लिहून घेतात. पण स्वतःच्या स्कूटरवर बसून, एका बाईच्या पायाकडं बघत, त्यांना ते त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. भागवतला तर काय, आभाळ ठेंगणं झालं होतं. भेटेल त्याला तो मागून ओरडून सांगत होता, "माझी बायको! नववी!"

जुन्या गावाची वाट लागली तेव्हा ऊन वर आलं होतं. शेतात हरभरा होता, बांधाला बाभळी होत्या. इथल्या चार किलोमीटरचा प्रत्येक खड्डा ताईंच्या पायांना पाठ होता, आणि पायांनी तो न विचारताच चुकवला. इथूनच बाप पुढं पायी आणि त्या मागं सायकलवर निघायच्या, कॅरियरला मोटार बांधून, आकडे म्हणत. ताईंनी आता मूठ पिळली नाही. ते चार किलोमीटर त्यांनी नुसत्या पायांनी काढले, गणिताची गरज म्हणून नव्हे. तसंच करावंसं वाटलं.

आई, शांतम्मा, त्या रुंद रस्त्याच्या मधोमध उभी होती. "बा गं, बा!" असं कानडीत 'ये गं, ये' म्हणत तिनं लेकीला कवटाळलं, मग सायकल बघितली, मग सरांना बघितलं, आणि हे जावयाचे साहेब आहेत असं स्वतःच ठरवून त्यांना पाटावर बसवलं. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. सर नको म्हणाले की एक वाढायची, पुरे म्हणाले की दोन. त्यांच्या सगळ्या शिकवण्या तिथं फुकट गेल्या. आणि निघताना म्हातारीनं पंधरा किलो तुरीची डाळ पोत्यात भरून सायकलच्या कॅरियरला बांधायला घेतली.

"अव्वा, नको! आज नको, वजन होतंय!"

"आईच्या घरातून रिकामी जाती का लेक? लोक काय म्हणतील?"

आईला व्होल्ट आणि अँपिअर कोण समजावणार? ताई रडकुंडीला आल्या. तेवढ्यात रेणुकादास सर उठले, हात पुसले, पोतं उचललं आणि स्वतःच्या स्कूटरच्या पुढं ठेवलं. "प्रयोगात मध्येच वजन बदलायचं नसतं, आजी," ते अगदी गंभीरपणे म्हणाले. भागवत मागं, डाळ पुढं, सरांचे गुडघे कानाशी. अशी ती वरात परत निघाली.

परतीला वारा तोंडावर आला. जाताना मीटरजवळचा बॅटरीचा दिवा हिरवा होता, आता औशाच्या आधीच पिवळा झाला, औसा सोडलं आणि तांबडा लागला. अजून वीस किलोमीटर होते. ताईंच्या मांड्यांत गोळे यायला लागले. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर मांडी घालून बसणारी. चढ आला की त्या मुठीला हात लावत, मग दिवा बघून हात काढत. हसणं बंद झालं होतं. भागवतचंसुद्धा तोंड मिटलं होतं, जे लग्नानंतर पहिल्यांदाच घडलं.

"ताई," सर मागून म्हणाले, "सत्तर झाले. अठ्ठावीसच्या केव्हाच पुढं गेलात. थांबलात तरी मी फळ्यावर चुकलो म्हणून लिहीन."

"सत्तर म्हणलं नव्हतं सर मी," ताई धापा टाकत म्हणाल्या. "जे म्हणलं ते म्हणलं."

पंच्याहत्तरला त्यांनी मोठ्यानं मोजायला सुरुवात केली. प्रत्येक पायडलला एक आकडा. शंभरापर्यंत जायचं, पुन्हा एकपासून. सरांनी विचारलं पाणी हवं का, तर "सोळा." भागवत म्हणाला जरा थांब, तर "बावन्न." वेशीपाशी येईतो तोही मोजायला लागला, आणि सरही, आधी हळू, मग मोठ्यानं. फिजिक्सचे सर भर रस्त्यात डाळीच्या पोत्यावर हनुवटी टेकवून "एकसष्ट, बासष्ट" ओरडतायत, हे ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात.

आणि शहरात शिरले तर समोर ही गर्दी. पोरं रस्ता अडवून उभी, मेसवाल्या बायका गुलाल घेऊन. मीटरवर एक्क्याऐंशी! इथं थांबलं की पुन्हा उभ्यानं निघायचं, आणि पायात आता ते बळ नव्हतं. "सरका!" भागवत ओरडला. "सरका, मुडद्यांनो, अजून एक हाय!" गर्दी दुभंगली, ताई मधून गेल्या, गुलाल सगळा सरांवर पडला. ब्याऐंशी झाले. त्याच्यापुढं सहाशे मीटरवर तांबडा दिवा विझला. राहिलेलं अंतर ताईंनी मेलेल्या सायकलवर काढलं, दुकानापाशी उतरल्या आणि उभं राहता येईना म्हणून फुटपाथवर बसल्या. सरांनी पट्टी तपासली. सही शाबूत होती. तेव्हा कुठं ताईंना हसू आलं, आणि एकदा आलं ते थांबेना.

पुढच्या आठवड्यात शिवमूर्तीला बोलावून ताईंनी पाटी बदलून घेतली. आता तिच्यावर लिहिलंय: नुसती मोटार २५, पायडल मारलं तर ८२. भागवतला ते पटलेलं नाही.

पाटी वाळते तोच सर पुन्हा दारात. "ताई, उद्या सकाळच्या बॅचला याल? हिशेब मी मांडतो, पण मोटार सुरू होतानाचं तुम्ही सांगा."

ताईंनी ठेवणीतली इरकल साडी काढली. त्या हॉलमध्ये त्या कैकदा गेल्या होत्या, पण नेहमी सुट्टीत, शिडी घेऊन, बाकं रिकामी असताना. त्यामुळं वर्ग भरल्यावर तिथं काय होतं, हे त्यांना माहीत नव्हतं. सरांनी दार उघडून त्यांना पुढं जाऊ दिलं. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि बाकांचा एकदम खडखडाट झाला. सगळी पोरं उठून उभी राहिली होती.

ताईंनी मागं वळून बघितलं, कोण मोठे सर आले म्हणून. मागं कुणी नव्हतं. रेणुकादास सर तर बाजूला भिंतीशी उभे होते, हात मागं बांधून. पोरं उभीच. कुणी बसेना.

सर हळूच म्हणाले, "ताई, तुम्ही बसा म्हणाल्याशिवाय बसणार नाहीत ती."

सिंधुताईंनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांकडं एकदा नीट बघून घेतलं. मग परत शेवटच्यापासून पहिल्यापर्यंत बघितलं. त्यांना काही घाई नव्हती.